जॅक्सनव्हिलच्या अकरा रात्री

बिशप आर्नेटा दोन वाजता जेवायला येणार म्हणून व्हर्डीन सकाळपासून शेगडीपुढे उभी होती, आणि तिचा धाकटा भाऊ कॉर्डेल सकाळपासून एका जागी टेकला नव्हता. व्हरांड्यात जायचा, रस्त्याकडे बघायचा, परत आत यायचा, तळलेल्या कोंबडीचा तुकडा उचलायचा आणि न खाताच परत ठेवायचा. चौथ्यांदा तसं केल्यावर व्हर्डीनने त्याच्या हातावर झारा मारला.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" ती म्हणाली. "बैस तरी, नाहीतर जा तरी."

जायचं की राहायचं, हाच तर प्रश्न होता. उद्या रविवारी रात्री आठ वाजता त्याला अटलांटात वाजवायचं होतं. समोर पाच हजार माणसं, आणि एका मोठ्या गायिकेच्या आधी त्याची चाळीस मिनिटं. ती मिनिटं तिच्या माणसांच्या पसंतीस उतरली, तर पुढची चौदा शहरं त्याची. इथून, ओकालाहून, अटलांटा गाडीने सहा तास. आणि त्याच रविवारी इथे होरेब मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, वार्षिक मेळाव्याचा शेवटचा दिवस होता, अन् मंडळीकडे स्टील गिटार वाजवायला माणूस नव्हता.

पन्नास वर्षं ती जागा त्यांच्या वडिलांची होती. व्यासपीठाच्या डाव्या हाताला एक लाकडी स्टूल, समोर चार पायांवर उभी आडवी गिटार, आणि ओझेल टिलमनच्या डाव्या मुठीत पोलादाची कांडी. ती कांडी तारांवरून सरकली की गिटार माणसासारखी रडायची, हाका मारायची, कधी म्हाताऱ्या बाईसारखी नुसती गुणगुणायची. होरेबात ऑर्गन होता, ढोल होते, गाणारे तर सगळेच होते. पण प्रवचन चढणीला लागलं की बिशपची नजर डावीकडे वळायची, ती ओझेलकडे. गेल्या मार्चमध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले, जीभ बरीचशी सावरली, डावा हात मात्र परतला नाही. मेळाव्यासाठी मेकनहून एक वादक ठरवला होता. गुरुवारी निरोप आला की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला दवाखान्यात ठेवलंय.

राहिला कॉर्डेल. ओझेलचा मुलगा, ओझेलचाच शिष्य, आणि गेली सात वर्षं त्या स्टुलावर बसायला बंदी असलेला.

बंदीची हकिगत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. एका रविवारी वडिलांच्या जागी बसून त्याने वाजवलं ते कुणीतरी टेपवर घेतलं, ती टेप या हातातून त्या हातात जात टॅम्पाच्या एका दारूच्या क्लबात पोचली, आणि तिथून त्याला बोलावणं आलं. त्या पहिल्या रात्री तो पंचवीस मिनिटं एकच सूर घोळवत राहिला होता. त्याला थांबायचंच कळेना. मंडळीत प्रवचनकार हात वर करून थांबवतो. इथे कोण थांबवणार? लोक नाचत राहिले, घामाने निथळले, दोन बायका तर रडल्या. बाहेर आल्यावर कॉर्डेलच्या मनात एकच गोष्ट होती. हे लोकही तेच करत होते जे होरेबात करतात, फक्त त्यांना कुणी त्याचं नाव सांगितलं नव्हतं. मंडळीबाहेर, जगाच्या मंचावर वाजवणं निषिद्ध होतं; पंधरा दिवसांनी त्याला त्या स्टुलावर बसायला बंदी आली.

नंतर तीन अल्बम आले, हॉलंडातली, जपानातली गर्दी आली, मोठमोठ्या गायकांच्या गाण्यांत आठ-आठ ओळींचं वाजवणं आलं. रेकॉर्ड काढणारे म्हणत, वाजवणं थोडं कमी कर, शब्द थोडे वाढव. हॉटेलच्या खोलीत त्याला झोप लागत नसे. तो उठून तारा जुळवायचा, जुळलेल्या तारा सैल करून पुन्हा जुळवायचा. होरेबात समोर कोण बसलंय ते दिसायचं. सिस्टर मोझेलचा उजवा पाय हलू लागला की समजावं, आता पवित्र आत्मा उतरणार, आता कांडी वर न्यायची. मंचावरच्या दिव्यांत त्याला कुणाचाच पाय दिसत नसे.

ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं, परत ये, तर तो कदाचित आला असता. पण सांगायचं मंडळीने, आणि मंडळी विचारत होती फक्त, पश्चात्ताप झाला का?

दोनच्या ठोक्याला बिशपची गाडी आली. चालवत होता तिचाच मुलगा थॅड, आणि या घरातली दुसरी ठसठस म्हणजे तोच. थॅड कॉर्डेलचा मावसभाऊ. होरेबातला सगळ्यात चांगला ढोलवाला, आणि आता दोन वर्षं कॉर्डेलच्या बँडमध्ये, म्हणून त्याच्यावरही बंदी. आईची पर्स हातात धरून तो पायऱ्या चढला तेव्हा कॉर्डेलकडे बघून त्याने डोळा मिचकावला, पण ते मिचकावणं जरा केविलवाणंच होतं.

आर्नेटामावशी बासष्ट वर्षांची, उंच, पांढऱ्या पोशाखातली. ओझेलच्या मेलेल्या बायकोची, लुएलाची, धाकटी बहीण. तिने ओझेलच्या कपाळाला ओठ टेकवले, व्हर्डीनला जवळ घेतलं, आणि कॉर्डेलला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, की जपानात खायला देत नाहीत का.

जेवताना सुरुवातीचा बराच वेळ कामाचं कुणीच बोललं नाही. धुरावलेल्या टर्कीच्या मांसात शिजवलेली पालेभाजी झाली, मक्याच्या पावाचं कौतुक झालं, कोण कोण आजारी, कुणाचं लग्न मोडलं ते झालं. ओझेल उजव्या हाताने खात होता. डावा हात व्हर्डीनने त्याच्या मांडीवर रुमालाखाली ठेवून दिला होता. मग मावशीने काटा खाली ठेवला आणि पर्समधून एक घडीचा कागद काढून कॉर्डेलच्या ताटाशी सरकवला.

तीन वाक्यं होती. मी जगाच्या मंचावर वाजवलं. मला त्याचा पश्चात्ताप होतो. मी पुन्हा तसं करणार नाही.

"उद्या साक्षींच्या वेळी उभं राहायचं आणि हे वाचायचं," ती म्हणाली. "मग सरळ स्टुलावर जाऊन बसायचं. मी कुणाला काही विचारू देणार नाही."

कॉर्डेलने विचारलं, की फक्त वाजवलं आणि काहीच वाचलं नाही तर. तिने मान हलवली. नियम तिने केलेला नव्हता. राज्यातून तेवीस मंडळ्या येणार. आपल्याच बहिणीच्या मुलासाठी तिने दार मोकळं सोडलं, तर उद्या ती कुणाला अडवणार?

त्याला वाटलं होतं व्हर्डीन आपल्या बाजूने बोलेल. बंदी आली तेव्हा या स्वयंपाकघरात मावशीशी भांडली होती ती व्हर्डीनच. पण तिने पाण्याचा जग भरता भरता हळूच म्हटलं, की वाच ना मग. तीन वाक्यांनी काय होतंय? मार्चपासून डॅडी रोज सकाळी उठून त्या गिटारवरचं कापड काढतात, बघतात, परत घालतात. पाहुण्यासारखा येतोस, म्हणून तुला दिसत नाही. त्यांना एकदा तरी तुला तिथे बसलेलं बघू दे.

कॉर्डेलने थॅडकडे पाहिलं. थॅडचं सगळंच अटलांटावर होतं. तो तरी नाही म्हणेल. थॅडने आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, की वाचून टाक, मीपण वाचतो. मंडळी एक वाजेपर्यंत सुटली तर आपण सातला अटलांटात. त्या वाक्यांत अटलांटाचं नाव कुठाय?

"थॅडियस," त्याची आई म्हणाली. पण ती रागावली नव्हती, हे कॉर्डेलला दिसलं. तिला मुलगा परत हवा होता. कुठल्या दाराने येतो याची फार चौकशी ती करणार नव्हती.

म्हणजे सगळे एका बाजूला झाले होते. आणि गंमत अशी, की कॉर्डेललाही तिकडेच जावंसं वाटत होतं. आपल्या माणसांचा वास, आणि समोर हलणारा सिस्टर मोझेलचा पाय. तीन वाक्यं. जपानात याहून मोठी खोटी वाक्यं तो मुलाखतींत बोलला होता. त्याने कागद उचलला.

"बघू तो," ओझेल म्हणाला.

झटक्यानंतर त्याचे शब्द जरा घसरत, म्हणून त्याने बोलायला सुरुवात केली की सगळे थांबत. त्याने कागद उजव्या हातात घेतला, लांब धरला, आणि ओठ हलवत वाचला. मग तो हसला.

"आर्नेटा, हे तर तेच आहे. एक अक्षर बदललं नाहीस."

व्हर्डीन जग हातात धरून उभीच राहिली.

मुलांना ती गोष्ट अर्धीच ठाऊक होती. एकोणीसशे एकाहत्तरात डॅडींनी जॅक्सनव्हिलला काही दिवस कुणासाठी वाजवलं, मग देवाने त्यांना परत बोलावलं, त्यांनी मंडळीपुढे क्षमा मागितली, आणि तेव्हापासून त्यांच्या हातात कांडी जास्तच गोड झाली. रविवारच्या शाळेत ती उदाहरण म्हणून सांगितली जायची. कॉर्डेलला बंदी घालतानाही सांगितली गेली होती.

ओझेलने ती उरलेली अर्धी सांगितली. घाई न करता, मधे मधे पाणी पीत. संत्र्यांचा ट्रक घेऊन तो जॅक्सनव्हिलला गेला होता. तिथल्या एका हॉलमध्ये कुणा बँडचा गिटारवाला तापाने पडला होता, आणि संत्री उतरवून घेणाऱ्याला ठाऊक होतं की हा वाजवतो. एक रात्र म्हणून गेला तो अकरा रात्री राहिला. लुएलाला कळवलं, ट्रक बिघडलाय. अकराव्या रात्री बँडचा मालक म्हणाला, सोमवारी सकाळी सहाला बस निघते, शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क. तुझी जागा खिडकीशी ठेवतो.

"मी गेलो होतो," ओझेल म्हणाला. "सहाच्या आधीच गेलो. रस्त्याच्या पलीकडे ट्रकमध्ये बसलो. ते लोक सामान चढवत होते. त्या माणसाने दोनदा घड्याळ बघितलं. मग बस गेली."

"देवाने अडवलं तुम्हाला," व्हर्डीन म्हणाली.

"देव काही बोलला नाही, पोरी. मी घाबरलो होतो. इथे मी ओझेल टिलमन होतो. शिकागोत कोण होतो? घरी आलो, आणि तुझ्या मावशीने हा कागद लिहून दिला, आणि मी तो वाचला. पश्चात्ताप झाला म्हणून वाचला नाही. ते स्टूलही गेलं असतं, म्हणून वाचला."

आर्नेटामावशी सरळ बसली होती, पण तिचे हात ताटाच्या दोन्ही कडांना घट्ट धरून होते. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, मंडळीची चिटणीस. तो कागद लिहिणं हे तिचं पहिलं मोठं काम. कितीतरी वेळा तिने ते व्यासपीठावरून सांगितलं होतं.

"म्हणजे तेहतीस वर्षं," ती सावकाश म्हणाली, "मी एका खोट्यावर प्रवचनं चढवली."

"वाजवणं खोटं नव्हतं, आर्नेटा. बोलणं खोटं होतं." ओझेलने कागद टेबलावर ठेवला. "लुएलाला माहीत होतं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण ते खाली कुठेतरी असायचंच, जोड्यात खडा असावा तसं. या पोराच्या जोड्यात तो घालू नकोस."

मावशी उठली. पीचचा गोड पदार्थ तसाच राहिला. दारात ती कॉर्डेलला एवढंच म्हणाली, की लोकांसमोर शब्द दिल्याशिवाय त्या स्टुलावर कुणी बसत नाही, आणि एका ताटभर कोंबडीवर हा नियम तिला मोडता येणार नाही. तिचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता. थॅड पर्स घेऊन तिच्यामागे गेला.

रविवारी कॉर्डेलने ठरवलं होतं, डॅडींना मंडळीत सोडायचं आणि दहाला निघायचं. सामान गाडीत होतं. थॅड बाहेर उभा होता. कॉर्डेल आत गेला तो वडिलांना बाकावर बसवायला, आणि पाच मिनिटं थांबला. मग मागच्या दाराशी किल्ल्या हातात घेऊन अजून पाच मिनिटं. साडेदहा झाले, अकरा झाले. थॅड दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला, आणि तिसऱ्यांदा आला तो त्याच्याशेजारीच भिंतीला टेकून उभा राहिला.

सहाशे माणसं होती. ऑर्गन वाजत होता, टाळ्या चालल्या होत्या, पण सगळं कसं दाराशी येऊन परत फिरत होतं. आर्नेटामावशी बोलायला उभी राहिली. तिचा आवाज चढला, अजून चढला, आणि सवयीने तिचं डोकं डावीकडे वळलं. स्टूल रिकामं. ती एक श्वास थांबली, पुन्हा चढली, पुन्हा डावीकडे बघितलं. सिस्टर मोझेल पाय जमिनीवर सपाट ठेवून बसली होती. लोक कागदी पंखे हलवत होते. कॉर्डेलची बोटं किल्ल्यांवर नाचत होती. कुठे शिरायचं, कुठल्या तारेवर, सगळं त्याला ऐकू येत होतं, आणि ते अंगातून बाहेर जायला वाट नव्हती.

साक्षींची वेळ झाली; ज्याला देवाविषयी आपला अनुभव सांगायचा तो उभा राही. दोघीतिघी बोलल्या. मग पुढच्या बाकावरून ओझेल काठी टेकत उठला. व्हर्डीनने त्याची बाही धरली. त्याने ती हळूच सोडवली.

"एकाहत्तर साली मी याच घरात उभं राहून सांगितलं, की जॅक्सनव्हिलला वाजवल्याचं मला वाईट वाटतं," तो म्हणाला. शब्द घसरत होते, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होते. "मला वाईट वाटत नव्हतं. अकराही रात्री देव तिथे होता. मी त्याला तिथे बघितला आणि इथे येऊन नाही म्हणालो. मला वाईट वाटतं ते त्या नाही म्हणण्याचं. एवढीच माझी साक्ष आहे."

तो खाली बसला. एक आमेनही आलं नाही. सहाशे माणसांचे पंखे थांबले होते. कुणीतरी मागे उठून बाहेर गेलं, आणि दार लागल्याचा आवाज आला. व्हर्डीनने वडिलांचा निर्जीव हात आपल्या मांडीवर घेतला आणि मान ताठ करून समोर बघत राहिली, जणू कुणी काही बोलून तर बघा.

आर्नेटामावशीने व्यासपीठाच्या कडा धरल्या. तेवीस मंडळ्यांचे पुढारी तिच्याकडे बघत होते. कॉर्डेलला वाटलं, आता ती डॅडींना बाहेर काढेल.

"ब्रदर ओझेल," ती शेवटी म्हणाली, "मंडळीने ऐकलं."

मग ती पाणी प्यायली. ग्लास ठेवला. आणि कुणाकडेही न बघता, अगदी घरातल्या आवाजात म्हणाली:

"आता कुणीतरी वाजवा. असं मुक्याने बसवत नाही."

कुणीतरी. नाव नाही, शब्द नाही, कागद नाही. कॉर्डेल जागचा हलला नाही. मग थॅडने त्याच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या, खिशात टाकल्या, आणि कोट काढत काढत मधल्या वाटेने ढोलांकडे चालू लागला. त्याच्यामागे जाण्यावाचून काही उरलं नाही.

तारा डॅडींच्या पद्धतीने जुळवलेल्या होत्या, त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली. त्याने कांडी ठेवली आणि पहिला सूर चक्क चुकला. दुसरा नाही चुकला. त्याने काही सजवलं नाही. खालच्या तारेवर एकच हाक लांबवत नेली, जिथे डॅडी थांबायचे तिथे न थांबता पुढे नेली, आणि मावशी त्या सुराखाली बोलू लागली, मग सुराच्या वर. थॅडचा ढोल शिरला. कॉर्डेलने मान वर केली. दिवे नव्हते, सगळे दिसत होते. एक म्हातारा पुढारी हाताची घडी घालून बसला होता तो शेवटपर्यंत तसाच बसला. पण सिस्टर मोझेलची टाच उचलली गेली होती.

तो किती वेळ वाजवत होता ते त्याला सांगता आलं नसतं. मावशीने हात वर केला, आणि तो थांबला.

निघायला दीड वाजून गेला. व्हर्डीनने डबा गाडीत कोंबला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, त्यात बरंच काही होतं. ओझेल बाजूच्या दाराशी खुर्चीत बसला होता. कॉर्डेल वाकला तेव्हा तो म्हणाला, की पहिला सूर गेला रे तुझा. कॉर्डेल म्हणाला, हो डॅडी. मग म्हातारा म्हणाला, "जा आता. बस गेल्यावर ट्रकात बसून राहू नये."

आर्नेटामावशीभोवती चारपाच पुढारी होते, आणि ते काही तिचं अभिनंदन करत नव्हते. तरी ती त्यांच्यातून बाहेर आली. मुलाची कॉलर सरळ केली. कॉर्डेलला म्हणाली, की पुढच्या वर्षी मेळावा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आहे. तेव्हा बिशप मीच असेन असं नाही, पण तारखा लिहून ठेव.

जॉर्जियाच्या हद्दीत शिरल्यावर त्याने अटलांटाला फोन लावला. पलीकडचा माणूस वैतागलेला होता. चाळीस मिनिटं आता मिळणार नाहीत, वीस मिळतील. चौदा शहरांचं नंतर बघू. आणि आवाज तपासून घ्यायला अजिबात वेळ नाही, थेट मंचावर जावं लागेल, चालेल का?

"चालेल," कॉर्डेल म्हणाला. "होरेबात आम्हाला तो वेळ कधी मिळालाच नाही."